नुकसानीएवढाच शब्द

आदरणीय नागनाथराव पेडगावकर यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. ते भांडण माझ्याशीच चालले आहे, हे मला ते निम्मे होईपर्यंत कळले नव्हते.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीला दोनदा नापास झाल्यावर मी शाळेचा नाद सोडला होता आणि आमच्या तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात कंत्राटावर टंकलेखनाला लागलो होतो. अभियंता साहेब पूल, रस्ते, शाळांच्या इमारती पाहून यायचे, चिठ्ठीवर चार खुणा करून द्यायचे, आणि त्यावरून मी पाहणी अहवाल तयार करायचो. अहवालाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. साहेबांना वेळ नसला की तोही मीच भरायचो.

एका दुपारी पांढरा सदरा घातलेले, काखेत छत्री धरलेले एक उंच गृहस्थ आत आले. त्यांच्या हातात एका अहवालाची झेरॉक्स होती.

"हे कोनी लिहिलं?" त्यांनी विचारले.

"साहेब बाहेर गेलेत," मी म्हणालो.

"साहेबाचं न्हाई विचारलं. टाइप कोनी केलं?"

"मी."

"आमच्या शेताजवळच्या नळकांडी पुलाला तुमी जीर्ण लिहिलंय. पूल हाय का पैठणी?"

कार्यालयातले सगळे हसले. मी टेबलावरचा शब्दकोश पुढे केला आणि म्हणालो, "शब्द शुद्ध आहे. मी बघूनच लिहिला."

त्यांनी कोश हातात घेतला, उलटापालटा केला, परत ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. "शब्द शुद्धच हाय हो. पन पुलाचा नळा फुटलाय. जीर्ण म्हनलं की मानूस हात जोडतो. फुटला म्हनलं की सिमेंट आनतो. तुमाला काय पाहिजे, सिमेंट का नमस्कार?"

मग त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. ते गेल्यावर आमचे ज्येष्ठ लिपिक सय्यदभाई म्हणाले, "ओळखलं न्हाईस? हे ओव्हरसियर पेडगावकर. मजुरांची हजेरी लिहायला लागले अन् ओव्हरसियर होऊन रिटायर झाले. ह्या तालुक्यात ज्याला तडा गेलाय ते सगळं ह्यांना तोंडपाठ हाय."

सय्यदभाईंचे बोलणे अक्षरशः खरे आहे, हे मला पुढे कळले. अण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या पूल-रस्त्यांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी लिहितो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. गेली चाळीसेक वर्षे अण्णा बिघडण्याचे, झिजण्याचे आणि पडझडीचे शब्द जमवीत आहेत. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याच्या अकरा वह्या आहेत. त्यांत शब्द अक्षरांच्या क्रमाने लावलेले नाहीत, वस्तूंप्रमाणे लावलेले आहेत. एक वही स्वयंपाकघराची. दूध नासते, ताक आंबते, पितळेच्या भांड्यात राहिलेले वरण कळकते, तेल खवट होते, गूळ पाघळतो, भाकरी नुसती शिळी होते. एक वही झाडांची. पान गळते, फूल कोमेजते, पण सगळे झाड उभ्या उभ्या वाळले तर ते वठते, आणि वठते ते फक्त झाडच. एक वही पाण्याची आहे. विहीर आटते, पूर ओसरतो, धरणाचे पाणी उतरते. त्या वहीतले बरेच शब्द अण्णांना येलदरी धरणाच्या खालच्या पाटावर हजेरी लिहिताना मजुरांकडून आणि मासे धरणाऱ्यांकडून मिळाले. निजामाच्या काळात ज्याच्या वडिलांनी कमानी बांधल्या, अशा एका म्हाताऱ्या गवंड्याकडून त्यांनी बोसीदा हा शब्द घेतला. वरून धड दिसते आणि हात लावला की भुगा होतो, अशा लाकडाला तो गवंडी बोसीदा म्हणायचा. अण्णांनी त्यापुढे लिहिले आहे, "मराठीत याला एका शब्दात काय म्हणतात? शोधणे." तो शोध अजून चालू आहे.

घरी काकूंचा या सगळ्यावर एक ठरलेला टोमणा असतो. "लगीन झाल्यापासून ह्यांना ताजं काई आवडलंच न्हाई बगा. दूध नासलं की वही काढतेत. चांगलं तापलं तर एका शब्दानं बोलत न्हाईत."

त्यावर अण्णा शांतपणे म्हणतात, "तापल्या दुधाला शब्द कशाला लागतोय? पिऊन टाकावं."

शब्द जमवणे हा अनेकांचा छंद असतो. अण्णांचे वेगळेपण असे, की ते शब्द नेहमी वस्तू वापरणाऱ्याकडूनच घेतात. माझे वडील पूर्णा स्टेशनजवळ शिवणकाम करतात. एकदा अण्णा आपला जुना कोट घेऊन त्यांच्याकडे गेले. कोट दुरुस्त करून घेणे हे निमित्त होते. खरे म्हणजे त्यांना कापडाचे शब्द हवे होते. वडील आधी संकोचले. मग बोलू लागले, ते तासभर थांबलेच नाहीत. शिवण उसवते, फाटते ते कापड. कोपराला कापड झिरझिरीत होते. धुऊन धुऊन विरते ते वेगळे, आणि पेटीत राहून घडीवर तुटते ते वेगळे. कसर लागली की लोकरीला भोक दिसायच्या आधी तिची चमक जाते. अण्णा लिहीत होते आणि मध्येच "थांबा, थांबा, घडीवर तुटतं म्हनलात का?" असे विचारत होते. माझ्या वडिलांना आयुष्यात इतक्या आस्थेने कोणी काही विचारले नव्हते. त्यांनी त्या दिवशी कोटाची शिलाई घेतली नाही आणि रात्री जेवताना आईला दोनदा सांगितले, "साहेब लोकाला बी आपल्याकडून काई शिकायचं असतंय."

भिंतींची वही अण्णांनी मला स्वतः शिकवली. भिंतीला आधी ओल येते. मग लोणा लागतो, म्हणजे खारट पांढरी पूड सुटते. मग गिलाव्याचे पोपडे निघतात. मग भेग पडते, भेगेत नाणे शिरले की तो तडा. त्यानंतर भिंत फुगते, खचते आणि अगदी शेवटी ढासळते. ते म्हणत, "ह्या पायऱ्या हायेत. मधली पायरी गाळून उडी मारली की पाय मोडतो. आपला न्हाई, दुसऱ्याचा."

हे शेवटचे वाक्य मला नीट कळले ते पाच वर्षांपूर्वी, आणि तेही माझ्या चुकीमुळे. ती चूक या अंकात लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. अण्णांना विचारले तर ते म्हणाले, "मला कशाला विचारतोस? घडलं ना? मग लिही." म्हणून लिहितो.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. दिवाळीनंतर सर्व शाळांच्या इमारती पाहण्याचे आदेश आले. ताडकळसच्या रस्त्यावरून थोडे आत गेले की एक लहान गाव लागते. तिथल्या शाळेला तीन जुन्या खोल्या होत्या, दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर पत्रे. साहेबांना त्या आठवड्यात कितीतरी शाळा पाहायच्या होत्या. त्यांची चिठ्ठी आली ती एवढीच: तीन खोल्या, जुने काम, ओल, पोपडे, एक तुळई खराब.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात शाळेचा व्हरांडा कोसळल्याची बातमी आली होती. कोणाला लागले नव्हते, पण ज्याने तो व्हरांडा ठीक आहे असे लिहिले होते त्याचा फोटो छापून आला होता. मी ती बातमी कापून खिशात ठेवली होती. मी शेऱ्याच्या रकान्यात तिन्ही खोल्यांपुढे एकच ओळ लिहिली. "इमारत मोडकळीस आलेली असून वापरास अयोग्य." ही ओळ मी एका जुन्या अहवालातून घेतली. ती निर्दोष होती आणि तिच्याखाली आधी एका मोठ्या साहेबांची सही झालेली होती. मोठ्यात मोठा शब्द लिहिला की आपल्यावर काही येत नाही, असे मला वाटले. आमच्या साहेबांनी गठ्ठ्यात सही केली.

जानेवारीत आदेश निघाला. ती शाळा बंद करून चाळीसेक मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत बसवावे. शेजारचे गाव मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होते, आणि ते दिवस ऊसतोडीचे होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसभर त्या रस्त्याने गंगाखेडच्या दिशेने धावत असत.

दोन दिवसांनी गावचे सरपंच आमच्या कार्यालयात आले. त्यांच्यासोबत कौसाबाई होत्या. कौसाबाई त्या शाळेत खिचडी शिजवीत आणि खोल्या झाडून काढीत. सरपंच आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि कौसाबाई माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"शाळा बगायला कोन आलं व्हतं?" त्यांनी मला विचारले.

"साहेब आले होते."

"आले व्हते, पन खाली उतरून पाच मिन्टं बी थांबले न्हाईत. मला तर कुनी काई इचारलं न्हाई. माझी नात चवथीला हाय. आईबाप तोडीला गेलेत, ती माझ्यापाशी असती. त्या रस्त्याच्या पल्याड मी तिला धाडनार न्हाई. घरी बसंल. अजून सात-आठ पोरी अशाच बसतील. मोडकळीस कशाला म्हनतेत ते मला दाखवा बरं, मी रोज झाडते ती शाळा."

साहेबांनी सरपंचांना सांगितले की अहवाल तांत्रिक आहे, त्यात आता बदल होत नाही. ते दोघे निघून गेले. त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले. अण्णा रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त विचारले, "तू भिंतीला हात लावला व्हतास का?"

"नाही. मी गावात गेलोच नाही."

"मंग शब्द कुठून आनलास?"

"जुन्या अहवालातून."

"त्या जुन्या अहवालातली भिंत कोनती व्हती?"

मला आठवेना. काकूंनी ताट बाजूला सरकवले आणि म्हणाल्या, "आता लेकराला घास घिऊ द्या. सकाळी जा दोघं."

सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही गेलो. अण्णा तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांच्या पिशवीत एक पेचकस, एक लाकडी हातोडी आणि भिंतींची वही होती. शाळेपाशी आधीच माणसे जमली होती. पारावरून कोणी तरी ओरडले, "आले बगा शाळा मोडनारे!" दुसऱ्याने जोड दिली, "मोडकळीस बगायची तं ह्यांचं हापिस बगा म्हनावं. पावसाळ्यात छत्री घिऊन बसतेत."

"बरोबर हाय तुमचं," अण्णा म्हणाले. "मी बी बसलोय तिथं छत्री घिऊन. कौसाबाई कुठं हायेत?"

इथे अण्णांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. कोणतीही इमारत पाहायला गेले की अण्णा आधी तिथे झाडणाऱ्या माणसाला शोधत. तेही अभियंत्याआधी, मुख्याध्यापकाआधी, सरपंचाआधी. त्यांचे म्हणणे असे, की इमारत रोज सकाळी आपले दुखणे केरात टाकते, आणि तो केर ज्याच्या हातून जातो त्यालाच ते माहीत असते.

कौसाबाई हात पुसत आल्या. अण्णांनी हात जोडले आणि विचारले, "बाई, रोज झाडता तं काय निघतंय?"

"काय म्हंजी? केर."

"कुठल्या खोलीत कसला?"

कौसाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग पुढे झाल्या. पहिल्या खोलीत त्या म्हणाल्या, "हितं पांढरं पीठ निघतं. केरसुनीला चुना चिकटतोय नुसता. पावसाळ्यात जास्त, आता कमी." दुसऱ्या खोलीतही तेच. तिथे त्यांनी एक कोपरा दाखवला. "हितं भिंत पाझरायली व्हती. वरची पन्हाळ पाल्यानं भरलीय, पानी भिंतीवर येतंय. म्या सांगून थकले." तिसऱ्या खोलीच्या दारात मात्र त्या थांबल्या. "हितं माती निघती. परवा खडे निघाले. अन् त्या तुळईखाली रोज सकाळी भुसा पडतोय, जवारीच्या पिठावानी. म्या पोरांना त्या बाजूला बसू देत न्हाई. मागल्या सालापसून."

अण्णांनी मला हातोडी दिली. पहिल्या दोन खोल्यांच्या भिंती मी वीत-वीत अंतरावर वाजवल्या. दगडाचा टणक आवाज आला. जिथे पोपडा सुटला होता तिथेच तेवढा पोकळ. तिसऱ्या खोलीत भिंतीने बद्द आवाज केला. अण्णा स्टुलावर चढले, पेचकस तुळईच्या टोकाला लावला आणि नुसता दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. आतून ओलसर भुगा गळला.

"लिही," अण्णा म्हणाले.

"काय लिहू?"

"कौसाबाईंनी सांगितलं ते. चुन्याला चुना, पाझराला पाझर, भुशाला भुसा."

मी लिहिले. दोन खोल्या धड होत्या. पन्हाळ साफ करून गिलावा केला तर त्या अजून पुष्कळ वर्षे चालणार होत्या. तिसरी मात्र खरोखरच उतरवायला हवी होती.

इथे सगळे नीट झाले असते तर मी ते दोन ओळींत लिहिले असते. पण सरपंचांनी अण्णांना बाजूला घेतले. मी जवळच होतो. ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, तिसरी बी बरी हाय म्हनून लिहा. एक खोली गेली की पुन्हा कुनाच्या तरी मनात येईल, दोन खोल्यांत कसली शाळा, उचला. आमी त्या खोलीला कुलूप घालतो. पोरं तिथं बसनारच न्हाईत. तुमचा एक शब्द कमी झाला तर कुनाचं काय जातंय?"

मला ते म्हणणे पटले. शाळा वाचावी असेच मलाही वाटत होते, आणि माझी चूक त्यात झाकली जाणार होती.

अण्णा म्हणाले, "सरपंच, ह्या पोरानं भिऊन शब्द वाढवला. मी भीड पडून कमी करू व्हय? कुलपाचं काय सांगता, पाऊस आला की पोरं मोकळ्या खोलीतच शिरतेत. दोन्ही खोल्या धड हायेत हे कागदावर टिकायचं असंल, तर तिसरीचं खरं लिहावं लागंल. एक लपवलं की बाकीच्यावर बी इस्वास राहत न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "हे मी नको सांगाया. तू सांग लोकाला."

मी पारासमोर उभा राहिलो. मी सांगितले की मी न पाहता लिहिले, दोन खोल्या चांगल्या आहेत, आणि तिसरी खरोखर वाईट आहे, ती लपवता येणार नाही.

"म्हंजी तुमी बगितलंच नव्हतं?" एकाने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

मग कौसाबाई म्हणाल्या, "आता तरी बगितलं ना. चला, च्या घ्या." पोरांच्या खिचडीच्या चुलीवर त्यांनी चहा ठेवला.

परत आल्यावर अण्णांनी मला माझ्या हाताने साहेबांना पत्र लिहायला सांगितले. शेरा मी प्रत्यक्ष पाहणीशिवाय लिहिला, तिन्ही खोल्यांची स्थिती सारखी नाही, कृपया पुन्हा पाहावे. अण्णांनी ते वाचले, परत दिले, एक शब्दही बदलला नाही. मी केबिनमध्ये गेलो तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. साहेब फार चिडले. "म्हणजे माझी सही खोटी ठरवतोस?" असे ते म्हणाले. माझे कंत्राट महिनाअखेर संपत होते आणि ते पुढे वाढेल की नाही ते त्यांच्या हातात होते. पण मला हेही लिहिले पाहिजे, की दोन दिवसांनी साहेब स्वतः त्या गावी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी अण्णांकडून पेचकस मागून नेला.

अहवाल बदलला. दोन खोल्या दुरुस्तीनंतर वापरास योग्य आणि तिसरी उतरवावी असे ठरले. आदेश मागे घेतला गेला. त्या मधल्या दिवसांत गावाने मुलांना मारुतीच्या सभामंडपात बसवले होते. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे एकही मूल गेले नाही. उन्हाळ्यात तिसरी खोली उतरवली तेव्हा त्या तुळईचे मधून दोन तुकडे झाले. कौसाबाईंनी ती सरपणासाठी मागून घेतली होती. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "चुलीला बी धड लागली न्हाई वो. नुसता धूर."

माझे कंत्राट पुढे वाढायला दोन महिने लागले, तेवढे दिवस मी बिनकामाचा होतो. त्या दोन महिन्यांत अण्णांनी मला घरी बोलावून अकरा वह्यांची स्वच्छ प्रत करायला बसवले. हे काम त्यांना एवढे निकडीचे नव्हते, हे मला माहीत होते. काकू दुपारी जेवल्याशिवाय सोडत नसत. सहाव्या वहीत, आजारपणाच्या शब्दांत, मला एक चिठ्ठी सापडली. त्यावर अण्णांच्या अक्षरात होते: "माणूस खंगतो, वाळतो, थकतो. हे शब्द लिहावेत, त्याच्या तोंडावर म्हणू नयेत." मला आठवले, माझी आई आजारी असताना अण्णा चार वेळा आले होते. ती तेव्हा फार वाळली होती. अण्णा प्रत्येक वेळी तिच्याशी फक्त शिवणयंत्राच्या तेलाविषयी बोलले आणि आई प्रत्येक वेळी हसली. ती आता बरी आहे आणि या अंकासाठी तिने अण्णांना नमस्कार सांगितला आहे.

अण्णांवर प्रेम करणाऱ्या आपल्या मंडळींत असा एक समज आहे, की अण्णांना पडझड पाहायची सवय झाल्याने ते उदास वृत्तीचे झाले असतील. ज्यांनी त्यांच्यासोबत एकदा तरी एसटीचा प्रवास केला आहे त्यांना हे पटणार नाही. खिडकीतून एखादे वठलेले लिंबाचे झाड दिसले तर ते ज्या उत्साहाने दाखवतात, त्या उत्साहाने दुसरे कोणी बहरलेले झाडही दाखवत नाही. स्वतःच्या वयाबद्दलही ते तसेच बोलतात. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी काय सांगितले असे मी विचारले, तर म्हणाले, "झीज म्हनले. मी म्हनलो, भेग तर न्हाई ना? न्हाई म्हनले. मंग काय, चालतंय."

गेल्या उन्हाळ्यात त्या शाळेची नवी तिसरी खोली बांधून झाली. गावाने अण्णांना बोलावले. हारतुरे नकोत असे अण्णांनी आधीच कळवले होते, तरी सरपंचांनी शाल आणलीच. कौसाबाईंची नात आता नववीत आहे आणि ताडकळसला शिकायला जाते. भेटीच्या वहीचे पान तिनेच अण्णांसमोर धरले आणि काही लिहा असे म्हणाली. अण्णांनी चष्मा लावला, तिन्ही खोल्यांतून एक चक्कर मारली, भिंतींवर बोटे वाजवली, दोन्ही जुन्या खोल्यांची पन्हाळ मान वर करून पाहिली आणि मग लिहिले. "तिन्ही खोल्या वापरात." खाली सही केली. सरपंच म्हणाले, "अण्णा, एवढंच? अजून दोन शब्द लिहा की." अण्णा म्हणाले, "ह्याच्यावरचा शब्द माझ्याकडं न्हाई बाबा. असता तर लिहिला असता."

अण्णांच्या पंच्याहत्तरीला मी काय मागावे? शंभर वर्षे जगा असे लिहिले, तर मोजमाप कोणी घेतले असे ते विचारतील. म्हणून जेवढे मी पाहिले आहे तेवढ्यावरच मागतो. अण्णांच्या गुडघ्यांची झीज आहे तिथेच थांबावी, आणि एसटीची पायरी त्यांना कुणाच्या हाताशिवाय चढता यावी. भिंतीवर बोट वाजवले की टणक काय आणि पोकळ काय हे त्यांच्या कानांना असेच स्वच्छ कळत राहावे. काकूंचे टोमणे आणि काकूंची भाकरी दोन्ही त्यांना पुष्कळ वर्षे मिळावीत. आणि आम्ही कागदावर लिहितो त्यावर चिडून, छत्री काखेत मारून ते आमच्या कार्यालयात येत राहावेत.

त्या शाळेच्या दोन जुन्या खोल्यांची पुढची पाहणी या दिवाळीनंतर आहे. अण्णांनी यायचे कबूल केले आहे. कौसाबाईंना निरोप गेला आहे. मी सकाळच्या पहिल्या एसटीत अण्णांसाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवीन.